बाराची गाडी राइट टाइम

'हाय नून' या जुन्या अमेरिकन सिनेमातली गाडी लेट होत नाही. सकाळी तीन घोडेस्वार गावातून जातात, स्टेशनवर उतरतात आणि त्यातला एक जण स्टेशन मास्तरला विचारतो, बाराची गाडी वेळेवर आहे ना? मास्तर चाचरत म्हणतो, हो साहेब, म्हणजे मला तरी तसं वाटतं, उशीर व्हायचं काही कारण दिसत नाही. हा प्रश्न मला स्टेशन मास्तरच्या उभ्या नोकरीत रोज विचारला गेला आणि उत्तरही मी बहुतेक वेळा याच शब्दांत दिलं. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून मास्तरच्या घशाला कोरड पडलीय, असं माझ्या बाबतीत क्वचित झालं. इथे गाडी वेळेवर असणं हीच वाईट बातमी आहे. पहिल्या काही मिनिटांत हे कळलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो.

दौंड-मनमाड मार्गावरच्या छोट्या स्टेशनांत आणि नंतर सोलापूरच्या बाजूला माझी नोकरी झाली. आता पुण्यात असतो. माझी पुतणी सिनेमाच्या संकलनाचं काम करते. ती एके दिवशी लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही हा बघाच. यात सगळं तुमच्या गाडीवर अडलंय."

वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार आणि बंदुकांचे सिनेमे, मला नवे नव्हते. तरुणपणी सोलापुरात मॅटिनीला क्लिंट ईस्टवुडचे सिनेमे पाहिलेले. धूळ, सिगार, पडदाभर डोळे आणि ते शीळ घालणारं संगीत, सगळं पाठ. 'हाय नून'चं नाव मात्र लेखांतून वाचत आलो होतो. जागतिक सिनेमावर कुणी लिहायला बसलं की वेस्टर्नचा विषय निघताच हे नाव यायचंच, आणि बहुतेक वेळा पुढे फारसं काही न सांगता. एखाद्या गोष्टीचा असा सतत जयजयकार ऐकला की ती बघायची घाई उरत नाही. आता सांगतो, हा जयजयकार तिने पूर्ण कमावलेला आहे. तो का, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं तसं लिहितो.

आधी गोष्ट, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. चित्रपट 1952 चा, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. न्यू मेक्सिकोतलं हॅडलीव्हिल नावाचं लहानसं गाव. मार्शल, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख, विल केन याचं त्या सकाळी लग्न लागतं. बायको ॲमी क्वेकर पंथातली, म्हणजे शस्त्र हातात न धरणारी. तिच्यासाठी तो बिल्ला काढून ठेवतो. नवा मार्शल दुसऱ्या दिवशी येणार. तेवढ्यात तार येते: पाच वर्षांपूर्वी केनने पकडून दिलेला फ्रँक मिलर, ज्याला फाशी व्हायची होती, तो माफी मिळून सुटलाय. बाराच्या गाडीने येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर बसलेत. गावकरी नवराबायकोला घाईघाईने बग्गीत बसवून वाटेला लावतात. थोडं पुढे गेल्यावर केन बग्गी थांबवतो आणि मागे वळवतो. यापुढे त्याला एकच काम आहे. दारोदार जाऊन माणसं गोळा करायची. सिनेमा 85 मिनिटांचा आहे आणि त्याच्या हातातला वेळही जवळपास तितकाच.

ही तार घेऊन धावत कोण येतं, तर स्टेशन मास्तर. तिघे गुंड दारात बसलेले असताना तो आपलं ठाणं सोडून लग्नघरी पोचतो आणि मार्शलच्या हातात कागद देतो. लेखांमध्ये या माणसाचं नाव कुठेच येत नाही. त्याचं काम दोन-तीन मिनिटांचं. पण त्या दिवशी त्या गावात ज्याने आपलं काम चोख केलं अशी माणसं मोजायला घेतली तर पहिलं बोट त्याच्यासाठी.

पटकथेत वेळ मिनिटाला मिनिट जुळवलेला नाही, हे मी घड्याळ बघत तपासलं. आमच्या धंद्याची ती खोड आहे. काही ठिकाणी पडद्यावरची दहा मिनिटं आपल्या सातांत उरकतात, काही ठिकाणी उलटं. त्याने काही बिघडत नाही. घड्याळ जवळजवळ प्रत्येक खोलीत आहे: मार्शलच्या कचेरीत, हॉटेलात, दारूच्या गुत्त्यात. झिनेमन यांनी नंतर लिहून ठेवलंय की सिनेमा त्यांनी तीन चित्रांवर उभा केला. क्षितिजापर्यंत गेलेले स्तब्ध रूळ, म्हणजे धोका. पांढऱ्या आभाळाखाली वणवण करणारा काळ्या कपड्यांतला माणूस. आणि घड्याळं, जी पुढे पुढे मोठी होत जातात. हे वाचल्यावर मी पुन्हा लावून पाहिला. खरंच तसं आहे, आणि पहिल्यांदा बघताना यातलं काहीही जाणवत नाही. छाती मात्र जड होत जाते.

आभाळाचं तर विशेषच. वेस्टर्न म्हटलं की ढगांचे डोंगर, लाल दऱ्या, दूरवर पसरलेला मुलूख. इथे आभाळ कोऱ्या कागदासारखं आहे. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आभाळ उठावदार करणारे फिल्टर लावलेच नाहीत. मॅथ्यू ब्रेडी यांनी अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात काढलेले फोटो त्यांच्या आणि झिनेमन यांच्या डोळ्यांपुढे होते. तसाच सपाट, भगभगीत, सावली चोरणारा उजेड. एप्रिल-मे महिन्यात मनमाडकडच्या फलाटावर दुपारी बाराची वेळ ज्याने काढली असेल त्याला हा उजेड ओळखीचा वाटेल. अशा उजेडात माणसाला लपायला जागा नसते.

रुळांच्या दृश्याची एक हकीकत आहे, तीही झिनेमन यांनीच सांगितलेली. गाडी समोरून येतानाचं दृश्य घ्यायला ते आणि क्रॉस्बी रुळांवर कॅमेरा लावून आडवे झाले होते. लांबून इंजिन दिसलं, पांढरा धूर सोडत. मग धूर काळा झाला. दोघांना वाटलं, वा, काय चित्र दिसतंय. प्रत्यक्षात ब्रेक धरत नसल्याची ती खूण होती. अगदी शेवटच्या क्षणी ते बाजूला झाले, कॅमेऱ्याचं तिकाटणं रुळात अडकलं आणि कॅमेऱ्याचा चुराडा झाला. आतली फिल्म मात्र वाचली आणि ती सिनेमात आहे. आमचे जुने वाफेच्या काळातले ड्रायव्हर धुरावरून इंजिनाची तब्येत सांगायचे, त्यामुळे ही गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ते इंजिन सिएरा रेल्वेचं तीन नंबरचं, 1891 सालचं. कॅलिफोर्नियात जेम्सटाउनला अजून जपून ठेवलंय.

पण या सिनेमाचं मोठेपण गाडीत नाही आणि गोळीबारातही नाही. ते नकारांमध्ये आहे.

केनला नकार देणारा प्रत्येक जण काहीतरी कारण देतो आणि त्यातली बरीच कारणं ऐकायला रास्त आहेत. ज्या न्यायाधीशाने मिलरला शिक्षा सुनावली तो भिंतीवरचा झेंडा उतरवतो, न्यायाचा तराजू पिशवीत टाकतो, पुस्तकं बांधतो. हे करता करता तो केनला अथेन्सचा इतिहास सांगतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. डेप्युटी हार्वी पेलला मार्शलची जागा हवी होती, ती मिळाली नाही म्हणून तो बिल्ला काढून टेबलावर टाकतो. हॉटेलचा कारकून तर ॲमीला तोंडावर सांगतो की मिलर होता तेव्हा धंदा बरा चालायचा. म्हातारा माजी मार्शल मार्टिन हाऊ, ज्याला केन गुरू मानतो, त्याची बोटं संधिवाताने आखडलीत. तो म्हणतो की लोकांना कायदा हवा असं आधी त्यांचं त्यांनाच पटावं लागतं, आणि कदाचित आतून त्यांना त्याची पर्वाच नसते. हे बोलताना त्याच्या आवाजात कडवटपणा नाही. थकवा आहे.

चर्चमधलं दृश्य मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. रविवारची प्रार्थना चाललीय. केन आत येतो, मदत मागतो. काही जण लगेच उठतातही. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, थांबा, आधी बोलू. लहान मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. मग सभा सुरू होते, अगदी आपल्या ग्रामसभेसारखी. हा त्यांचा आपसातला मामला आहे, एक जण म्हणतो. आपण मार्शलला पगार कशासाठी देतो, असं दुसऱ्याचं म्हणणं. एक बाई उठून आठवण करून देते की या माणसाच्या आधी दिवसाढवळ्या बायकांना रस्त्याने जाता येत नव्हतं. धर्मगुरूला विचारतात तेव्हा तो म्हणतो, हत्या करू नका अशी आज्ञा आहे, तरी आपण पैसे देऊन माणसं ठेवतो आणि आपल्या वतीने ती करवतो. योग्य काय हे उघड आहे, पण माझ्या लोकांना जाऊन मरा असं मी कसं सांगू? त्यालाही पुढे बोलवत नाही.

शेवटी हेंडरसन उठतो. गावातला वजनदार माणूस, केनचा जुना मित्र. तो केनची स्तुती करतो, मनापासून करतो. या माणसाचं आपल्यावर ऋण आहे म्हणतो. ऐकताना वाटतं, झालं, आता माणसं उभी राहणार. आणि त्याच आवाजात, त्याच गतीत, तो पुढे सरकतो: उत्तरेकडचे लोक इथे पैसा घालायचा विचार करताहेत, दुकानं येतील, कारखाने येतील. रस्त्यावर खूनखराबा झाल्याची बातमी त्यांनी वाचली तर? म्हणून विल, तू निघून गेलास तर बरं. तुझ्यासाठी आणि आमच्यासाठी. हे वळण नेमकं कोणत्या वाक्यावर लागलं ते मला पहिल्या दोन वेळांत सापडलं नाही. थॉमस मिचेल यांनी ही भूमिका केलीय. इतका सभ्य विश्वासघात मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आणि सॅम फुलरचं घर. केन येताना दिसतो तसा सॅम बायकोला सांगतो, मी घरी नाही म्हण. ती दार उघडते. खाली बघत म्हणते, ते घरी नाहीत, चर्चला गेलेत. केन विचारतो, तुम्हाला न घेता? ती म्हणते, मी कपडे बदलून निघतेच आहे. केनला सगळं कळतं. तो तिला आणखी काही विचारत नाही आणि जातो. सॅम आतून बाहेर येतो आणि बायकोवरच ओरडतो, तुला काय हवंय, मी मरावं? तुला विधवा व्हायचंय? "नाही, सॅम, नाही," एवढंच ती बोलते. आमच्या सौ.ने इथे सिनेमा थांबवायला लावला. "अहो, घाबरला तो, ठीक आहे, कुणीही घाबरेल. पण खोटं तिला बोलायला लावलं. आता ती त्या दोघांसमोर आयुष्यभर खाली मान घालून राहील, आणि हा तिच्यावरच चिडेल." एका मिनिटाच्या दृश्यात एका संसाराचं पुढचं सगळं दिसतं.

मला हे नकार माहीत आहेत. एका छोट्या स्टेशनात मी असताना रात्रीच्या पॅसेंजरला येणाऱ्या भाजीवाल्या आणि दूधवाले यांच्याकडून एक टोळी पैसे उकळायची. दिले नाहीत तर भाजीच्या पाट्या रुळांवर फेकायची. तक्रार करायची तर साक्षीला माणसं हवीत. मी गावात फिरलो. चहावाला म्हणाला, मास्तर, माझी टपरी रात्रभर उघड्यावर असते. एका दूधवाल्याने घरच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. शाळेचे मुख्याध्यापक, अतिशय भले गृहस्थ, मला बसवून चहा दिला आणि म्हणाले, "मास्तर, तुमची बदली होईल. आम्हाला इथेच राहायचंय." या वाक्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. एकटा आमचा पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, पुढे आला, साहेब, मी सही करतो म्हणाला. त्याच्या पोरी लहान होत्या, रोज अंधारात केबिनकडे एकटा चालत जायचा. मी त्याला नको म्हटलं. जबाब माझ्या एकट्याच्या सहीने गेला आणि कागदावरच राहिला.

म्हणून एकडोळ्या जिमी पिऊन तर्र अवस्थेत मदतीला येतो आणि केन त्याला पैसे देऊन परत पाठवतो, चौदा वर्षांचा पोरगा मी सोळाचा आहे असं सांगत लढायला येतो आणि केन त्याला घरी धाडतो, तेव्हा मला त्याचं वागणं समजावून सांगायला कुणी लागलं नाही. माणसं हवी असतात, आणि जी येतात त्यांना घ्यायला मन होत नाही.

या सिनेमावर मोठा आक्षेप घेतला गेला तो नेमका याच मुद्द्यावर. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना खटकलं की मार्शलसारखा माणूस गावभर मदत मागत फिरतो. खरा कसलेला माणूस आपलं काम आपण करतो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी 1959 साली जॉन वेन यांना घेऊन 'रिओ ब्राव्हो' केला. वेन यांचा राग तर वर्षानुवर्षं टिकला. 1971 च्या एका मुलाखतीत त्यांनी 'हाय नून'ला अमेरिकेच्या विरोधातला सिनेमा ठरवलं. गंमत अशी की 1953 मध्ये केनची भूमिका करणारे गॅरी कूपर हजर नसल्याने या सिनेमासाठीचं त्यांचं ऑस्कर घ्यायला मंचावर गेले ते वेनच.

हॉक्स मोठे दिग्दर्शक, पण इथे मी केनच्या बाजूचा आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असते. पुढच्या मास्तरने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, दिल्याशिवाय मागच्या मास्तरला गाडी सोडता येत नाही, मग तो कितीही अनुभवी आणि हिमतीचा असो. विचारणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. त्यात कमीपणा नाही, उलट न विचारता जो गाडी सोडेल तो माणसं मारेल. गाव कायद्याने चालवायचं तर तेही एकट्याने चालत नाही. केन दारोदार फिरतो तेव्हा तो गावाला लाइन क्लिअर मागत असतो. पलीकडून उत्तर येत नाही, तरी गाडी येणारच आहे.

पटकथा लिहिणाऱ्या कार्ल फोरमन यांनी हे फार जवळून पाहिलं होतं. ते लिहीत होते तो काळ अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाचा. 1951 मध्ये, चित्रीकरण सुरू असतानाच, त्यांना संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी लागली. ते पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते, आणि समितीला इतरांची नावं हवी होती. ती त्यांनी दिली नाहीत. काळ्या यादीत नाव गेलं. ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले, आणि त्या लोकांनी दिलेली कारणं आपण संवादांत घातली असं त्यांनी पुढे सांगितलं. कूपर राजकारणाने अगदी दुसऱ्या टोकाचे, तरी त्यांनी फोरमनना टाकलं नाही. फोरमन इंग्लंडला गेले. पुढे 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेवर त्यांनी काम केलं, पण तिथे पडद्यावर त्यांचं नाव लागलं नाही. तो सिनेमा आम्ही रेल्वेवाल्यांनी पुलासाठी किती प्रेमाने पाहिला होता! त्याचं ऑस्कर त्यांना मरणोत्तर मिळालं.

यातलं काहीही ठाऊक नसलं तरी सिनेमा तितकाच भिडतो, हे त्याचं बळ. मला पुतणीने हा सगळा इतिहास नंतर सांगितला.

कूपर यांच्या चेहऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चित्रीकरणाच्या वेळी ते पन्नाशीचे होते, अल्सर आणि पाठदुखी सोबतीला. झिनेमन यांनी मेकअप जवळजवळ लावूच दिला नाही. गालांचे खळगे, डोळ्यांखालच्या पिशव्या, चालताना किंचित आखडणारी कंबर, सगळं तसंच ठेवलं. एकदा केन टेबलावर डोकं टेकवतो. तो रडतोय की नुसता थकलाय, हे सांगता येत नाही. तेवढ्यात तो पोरगा दारात येतो आणि केन डोकं वर उचलतो. हिरोला असं भेदरलेलं दाखवायचं धाडस त्या काळी किती मोठं असेल! मला तरी भीती नसलेल्या शूराची गोष्ट कधीच खरी वाटली नाही.

आता बाराची वेळ. पुतणीने ही तीन-चार मिनिटं मला एकेक तुकडा करून दाखवली. केन कचेरीत मृत्युपत्र लिहायला बसतो. दिमित्री टियोमकिन यांचं संगीत लोलकाच्या ठोक्याने चालू होतं आणि प्रत्येक ठोक्याशी चित्र बदलतं. रूळ. स्टेशनवरचे तिघे. चर्चमधले गप्प चेहरे. गुत्त्यातली गप्प माणसं. हेलन, केनची पूर्वीची प्रेयसी. ॲमी. घड्याळ. पुन्हा केन. चेहरे जवळ जवळ येत जातात, ठोका वाढत जातो. आणि मग ती रिकामी खुर्ची, ज्या खुर्चीत बसून मिलरने शिक्षा ऐकली होती आणि परत येऊन तुला मारीन म्हणाला होता. कॅमेरा त्या खुर्चीकडे सरकतो आणि इंजिनाची शिट्टी होते. सगळं संगीत एकदम तुटतं.

शिट्टी ऐकून आयुष्यभर माझा हात झेंडीकडे गेलाय. इथे हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला. एल्मो विल्यम्स आणि हॅरी गेर्स्टाड यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगीच नाही. कूपर, टियोमकिनचं संगीत आणि टेक्स रिटर यांच्या आवाजात सिनेमाभर वाहणारं गाणं यांनाही मिळालं, म्हणजे एकूण चार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मात्र सर्कशीवरच्या एका भव्य सिनेमाला गेलं.

त्यानंतर केन तुरुंगातल्या दारुड्याला घरी जा म्हणून सोडतो आणि रस्त्यावर येतो. बायको आणि हेलन गाडी पकडायला बग्गीतून त्याच्यासमोरून निघून जातात. कॅमेरा आधी त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर आहे. मग तो वर उठत जातो, उंच, आणखी उंच, आणि सगळं गाव दिसतं: बंद दारं, रिकामा रस्ता, मध्ये एक काळा ठिपका. गोळीबार याच्यापुढे लवकर आटोपतो, चांगलाच आहे, पण मला सांगायचंय ते इथेच संपलं होतं.

गुंडांमधल्या एकाला मी लगेच ओळखलं. माउथ ऑर्गन वाजवत बसलेला, एक अक्षरही न बोलणारा, तो ली व्हॅन क्लीफ. सोलापूरच्या मॅटिनीतला आमचा जुना खलनायक, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा.

1989 च्या जूनमध्ये पोलंडमध्ये निवडणूक झाली तेव्हा सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीच्या बाजूने लागलेल्या एका पोस्टरवर हाच केन होता, रस्त्यातून चालत येणारा. टोमाश सारनेत्स्की या तरुण चित्रकाराने त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली आणि छातीवर बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीची खूण लावली. वेन यांना जो सिनेमा अमेरिकाविरोधी वाटला, त्याचा नायक तिथे कम्युनिस्ट राजवटीच्या विरोधात उभा राहिला. झिनेमन यांचा जन्म आजच्या पोलंडमध्ये मोडणाऱ्या गावातला आणि त्यांचे आईवडील नाझींच्या हातून मारले गेलेले, हे लक्षात घेतलं तर त्या पोस्टरकडे नुसतं चित्र म्हणून बघता येत नाही.

शेवटी गावकरी दारं उघडून बाहेर येतात, भोवती जमतात. केन कुणाशी एक शब्द बोलत नाही. बिल्ला काढतो आणि धुळीत टाकतो. वेन यांनी त्या मुलाखतीत म्हटलं होतं की तो बिल्ला पायाखाली घेतो. मी थांबवून थांबवून पाहिलं. घेत नाही. नुसता टाकतो. बग्गी आणून देतो तो मगाचाच पोरगा, आणि अख्ख्या गावात केन आपुलकीने बघतो ते फक्त त्याच्याकडे.

या शेवटावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे. मी बिल्ल्यावर अडलोय, सौ. ॲमीवर. ॲमीचे वडील आणि भाऊ गोळीबारात मेलेत, म्हणून तर ती क्वेकर झालेली. गाडीत बसल्यावर पहिली गोळी ऐकून ती उतरते, धावत येते आणि नवऱ्याला वाचवायला खिडकीतून एका माणसाला पाठमोरा मारते. "केनने चौघांशी सामना केला त्याचं सगळे लिहितात," सौ. म्हणते. "हिने जे कधीच करणार नव्हती ते केलं. ते घेऊन ही त्या बग्गीत बसलीय. तिच्याबद्दल तुमच्या त्या लेखांत काय लिहिलंय?" मी शोधलं. फार थोडं आहे. हेलन रामिरेझबद्दल त्या मानाने बरंच आहे आणि ते योग्यच, केटी हुराडो यांनी ती बाई फार ताठ मानेने उभी केलीय. पण ग्रेस केली यांच्या ॲमीला पुष्कळांनी नवखी, बाहुलीसारखी म्हणून सोडून दिलंय. सौ.चं ऐकल्यावर मी तिची दृश्यं वेगळी काढून पाहिली. सौ.चं बरोबर आहे.

रविवारी पुतणी 'रिओ ब्राव्हो' घेऊन येणार आहे. हॉक्स यांचं म्हणणं त्यांच्याच सिनेमातून ऐकून घ्यायचंय.